रोही, चितळ, गव्याचं पोट कसं वाचायचं: सुरुवात लेंडीपासून

आमच्या वावराच्या धुऱ्यावर बोरीखाली रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, लेंड्यांचा एक ढीग आहे. रोही फिरून फिरून त्याच जागी येतात, त्यामुळं वर आजच्या लेंड्या आणि खाली मागच्या महिन्याच्या असं सगळं थरावर थर मिळतं. चार वर्षं झाली, मी पंधरा दिवसांतून एकदा तिथं जातो, काडीनं उकरतो, बघतो आणि वहीत लिहितो. सुरुवातीला रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "कायले पाह्यतं गा लेंड्या?" आता तेच लोक घरी येऊन सांगतात की नाल्यापाशी चितळाच्या लेंड्या आज एकमेकाला चिकटलेल्या दिसल्या, काय खाल्लं असंन त्याइनं.

ताडोबा, मेळघाट, पेंच, टिपेश्वर, नागझिरा, यांपैकी कशाच्याही आजूबाजूला तुमचं गाव असेल तर हे सगळं तुम्हालाही करता येतं, खर्च जवळपास काहीच नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला पाहिजे. जनावर गवत खातं, पण गवत पचवतात ते त्याच्या पोटातले जंतू. ते जंतू सांभाळले गेले तर जनावर जगतं आणि ते बिघडले तर भरल्या पोटानं मरतं. मी हे आमच्याच घरच्या शेळीवर शिकलो, ते पुढं सांगतो.

आधी पोट समजून घ्या

चितळ, सांबर, रोही, गवा, काळवीट, चौसिंगा, भेकर ही सगळी रवंथ करणारी. पोटाचे चार कप्पे, त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट, पशुवैद्य त्याला रुमेन म्हणतात. आत ३९ अंशांच्या आसपास ऊब, ऑक्सिजन नसल्यासारखाच, आणि घुसळण दिवसरात्र चालू. त्यातल्या एक मिलिलिटर रसात, म्हणजे वीसेक थेंबांत, एक हजार कोटी ते दहा हजार कोटी बॅक्टेरिया असतात, शिवाय लाख ते दहा लाख प्रोटोझोआ, म्हणजे केसाळ अंगाचे पोहणारे एकपेशीय जीव, आणि बुरशीसुद्धा. ही बुरशी आधी लोकांनी प्रोटोझोआच समजली होती, १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवून दिलं की ती खरोखर बुरशी आहे आणि तीही बिना ऑक्सिजनची जगणारी.

गवताच्या काडीचा जो चिवट भाग असतो, सेल्युलोज, तो तोडायचं रसायन कुठल्याच हरणाच्या किंवा गाईच्या स्वतःच्या अंगात तयार होत नाही. ते जंतूंकडं असतं. जंतू काडी कुजवतात, त्यातून काही आम्लं सुटतात, त्यातलं मुख्य म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसेटिक आम्ल, आणि ती आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात. जनावराला लागणाऱ्या ऊर्जेचा ७० टक्क्यांपर्यंत हिस्सा असा येतो. आणि उरलेले जंतू स्वतः पुढं वाहत चौथ्या कप्प्यात जातात, तिथं तेच पचतात, म्हणजे गवत खाणाऱ्या गव्याचं एवढं मोठं मांस बऱ्यापैकी जंतूंच्याच प्रोटीनवर उभं राहतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस आमच्या ढोरांकडं वेगळ्याच नजरेनं बघत होतो.

रानडुक्कर यात नाही, ते रवंथ करत नाही. ससाही नाही, त्याचे जंतू मागच्या आतड्यात असतात आणि त्यांनी तयार केलेलं वाया जाऊ नये म्हणून तो मऊ लेंड्या बुडापासूनच परत खाऊन टाकतो. आपल्याला रानात दिसतात त्या त्याच्या कोरड्या गोल लेंड्या.

बोकडाच्या पोटातला रस एकदा डोळ्यांनी बघा

हे वाचून समजत नाही, बघावंच लागतं. जंगली जनावराला हात लावायचा नाही, मेलेल्यालाही नाही, एक तर तो कायद्यानं गुन्हा आहे आणि दुसरं म्हणजे काळपुळीसारखा रोग मेलेल्या जनावरातून माणसाला लागतो. पण कोटीपोटाची तऱ्हा शेळीत आणि चितळात एकच, म्हणून रविवारी मटणवाल्याकडं जा आणि त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. थर्मासमध्ये चाळीस अंशांचं गरम पाणी भरून न्या, बोकड कापून कोटीपोट फाडलं की पाणी ओतून द्यायचं आणि तो हिरवा रस फडक्यातून गाळून थर्मास काठोकाठ भरायचा, वर हवा उरली नाही पाहिजे. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. शाळेतला मायक्रोस्कोप चालतो, शंभर पट मोठं करणारा.

पहिला थेंब काचेवर घेतला की लगेच बघा. उशीर केला, थंड झाला की सगळं बंद पडतं. आम्ही आठवीच्या पोरांना दाखवलं तेव्हा एक पोरगी डोळा लावून बसली ती उठेचना, म्हणे, "सर, याच्यात तं बाजार भरला." खरंच तसंच असतं, मोठे मोठे प्रोटोझोआ एकमेकांना धडका देत फिरतात, काहींच्या पोटात गवताचे हिरवे तुकडे दिसतात.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. काचेच्या ग्लासात रस ओतून घड्याळ लावा. बारीक कण खाली बसतात आणि तंतू गॅसच्या बुडबुड्यांबरोबर वर तरंगतात, निरोगी जनावराच्या ताज्या रसात याला ४ ते ८ मिनिटं लागतात. सगळं भराभर खाली बसून गेलं आणि वर काहीच तरंगलं नाही तर जंतू सुस्त आहेत किंवा मेलेत असं समजायचं, पशुवैद्यही ही परीक्षा करतात.

कोण काय खातं ते लिहून काढा

वहीचं पहिलं पान याचं. काळवीट मुख्यतः गवतावर. गवाही गवतावर, पण उन्हाळ्यात बांबू, पाला, साल सगळं. चौसिंगा आणि भेकर निवडून खाणारे, कोवळा पाला, फुलं, फळं. चितळ, सांबर, रोही मधले, मिळेल तसं बदलणारे. या विभागणीचं शास्त्र राइनहोल्ड हॉफमन यांनी मांडलं, १९८९ चा त्यांचा लेख अजूनही आधाराला घेतात. पालाखाऊ जनावराचं कोटीपोट त्या मानानं लहान आणि खाल्लेलं आतून लवकर पुढं सरकतं, गवतखाऊचं मोठं आणि त्यात चारा जास्त वेळ मुरतो, कारण गवताच्या काडीला वेळ लागतो.

२०१५ मध्ये ३५ देशांतून ३२ जातींच्या जनावरांच्या पोटातल्या रसाचे ७४२ नमुने एकत्र तपासले गेले. निघालं असं की मुख्य बॅक्टेरिया जगभर जवळपास तेच, पण कोण किती हे चाऱ्यावर आणि जातीवर बदलतं. त्याआधी २००८ मध्ये ६० जातींच्या सस्तन प्राण्यांच्या विष्ठेतले जंतू मोजले होते, त्यात मांसखाऊंकडं सगळ्यात कमी तऱ्हेचे, सगळं खाणाऱ्यांकडं त्याहून जास्त, आणि पाला-गवत खाणाऱ्यांकडं सगळ्यात जास्त तऱ्हेचे जंतू सापडले. वाघापेक्षा चितळाचं पोट जास्त गजबजलेलं, असं मी पोरांना सांगतो.

आता लेंडी

अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय काही म्हणजे काही उचलायचं नाही, लेंडीही नाही. आपलं वावर, गावाचं आखर, धुरा, एवढं पुरतं. दोन जागा ठरवा आणि त्याच ठेवा, जागा बदलत राहिलात तर वही कामाची राहत नाही. दर पंधरा दिवसांनी सकाळी जा, ऊन चढायच्या आत, तेव्हा ताजी लेंडी वरून चकाकते, तिच्यावर पातळ चिकट आवरण असतं. दुपारपर्यंत ते वाळून जातं.

चितळाची लेंडी लहान, एका टोकाला बोंड आणि दुसऱ्या टोकाला खळगा. सांबराची त्याच्याहून मोठी. रोह्याची ढिगात. गव्याचा पो गाईसारखाच, फक्त मोठा. फोटो काढताना बाजूला दहाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळतं. मग चार-पाच लेंड्या हातमोजे घालून घ्या, पाण्यात तासभर भिजू द्या, जुन्या चहाच्या गाळणीत घालून वरून पाणी सोडा आणि जे उरेल ते पांढऱ्या ताटलीत पसरा. ही गाळणी परत घरात वापरायची नाही, तिला लाल दोरा बांधून ठेवा.

ताटलीत काय दिसतं? गवत खाल्लेलं असेल तर लांबट, पिवळसर, सरळ तंतू. पाला असेल तर चपटे गडद तुकडे, पानांच्या शिरांच्या जाळीसकट. बिया सगळ्यात महत्त्वाच्या, हिवराच्या, बाभळीच्या बिया जशाच्या तशा बाहेर पडतात. आवळ्याची मात्र लेंडीत शोधू नका, चितळ आवळा गिळतं आणि नंतर रवंथ करताना कठीण बी तोंडातून बाहेर टाकतं. त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत चितळांच्या बसायच्या जागी, सावलीत, चाटूनपुसून स्वच्छ झालेल्या आवळ्याच्या बियांची लहानशी रास दिसली तर समजायचं की रात्री इथं कोणी निवांत रवंथ केला. मला अशी रास पहिल्यांदा दिसली त्या दिवशीची नोंद मी वहीत लाल पेनानं केली आहे.

आणि आकार. लेंड्या सुट्या, कडक, टणक म्हणजे चारा वाळलेला. एकमेकाला चिकटून गोळा झालेल्या म्हणजे हिरवा, पाणीदार चारा. शेणासारखी पातळ पसरलेली लेंडी पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात ठीक, पण जानेवारीत दिसली तर जनावरानं काहीतरी एकदम नवीन खाल्लं आहे, आजूबाजूच्या वावरात काय चालू आहे ते बघा.

वर्षभराचं गणित

जून-जुलैत पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत कोवळं गवत येतं. त्यात पाणी आणि प्रोटीन भरपूर, चिवट भाग कमी. चार महिने वाळला पाला पचवणाऱ्या जंतूंसमोर अचानक हे आलं की थोडे दिवस लेंडी बिघडते, मग जंतूंची वाटणी बदलते आणि जमतं. मारवेल, शेडा हे गवत ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत उत्तम, कुसळीला कुसळं आली की जनावरं तोंड फिरवतात.

दिवाळीनंतर गवत वाळतं आणि त्यातलं प्रोटीन घसरतं. इथं एक आकडा लक्षात ठेवा, ७ टक्के. चाऱ्यातलं प्रोटीन त्याच्या खाली गेलं की जंतूंनाच खायला पुरत नाही, त्यांची वाढ मंदावते, काडी पोटात पडून राहते, पोट भरलेलं आणि जनावर खंगलेलं. म्हणून चितळ, सांबर हिवाळ्यात पाल्याकडं, बोरांकडं, आवळ्याकडं वळतात, आणि म्हणूनच रोही आपल्या हरभऱ्यात आणि तुरीत येतात. आपल्याला राग येतो, मलाही येतो, माझाही हरभरा गेला आहे. पण बाहेर सगळं सुकलेलं आणि आपल्या वावरात हिरवं प्रोटीन उभं असेल तर तो प्राणी तिकडंच जाणार.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाची फुलं. वानर वरून खातात आणि पाडतात, चितळ खाली उभी राहून वेचतात. मग मोह. पहाटे गळलेली मोहाची फुलं गोड, साखरेनं भरलेली, चितळ-सांबर ती खातात, पण एका जागी ढीगभर मिळत नाहीत, वेचून वेचून खावी लागतात आणि सोबत पालाही पोटात जातो, त्यामुळं पचतात. एप्रिल-मेमध्ये तेंदूची फळं, हिवराच्या शेंगा, वाळलेला पाला. पाल्यात टॅनिन असतं, तोंड तुरट करणारं, ते प्रोटीनला चिकटून बसतं आणि जंतूंना मिळू देत नाही. पाला खाणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या लाळेतच त्याला धरून ठेवणारी प्रोटीनं असतात. म्हणून एकच पाला एक जनावर आनंदानं खातं आणि दुसरं हुंगून सोडतं.

सुबाभळीची गोष्ट

आहार आणि जंतू यांचं नातं कोणाला समजावायचं असेल तर मी हीच गोष्ट सांगतो, कारण सुबाभूळ आपल्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं, जास्त खाल्लं तर जनावराचे केस गळतात, पोटात त्याचं जे पुढचं रूप तयार होतं त्यानं गळ्याची गाठ वाढते. ऑस्ट्रेलियात गाईंना हा त्रास व्हायचा. रेमंड जोन्स नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र भरपूर सुबाभूळ खाऊनही धडधाकट आहेत. फरक शेळीत नव्हता, तिच्या पोटातल्या जंतूंत होता. १९८० च्या दशकात ते जंतू हवाईहून ऑस्ट्रेलियात नेले, तिथल्या जनावरांच्या पोटात सोडले आणि ती जनावरं सुबाभूळ पचवायला लागली. पुढं ते जंतू कळपातल्या बाकीच्या जनावरांतही पसरले. १९९२ मध्ये त्या बॅक्टेरियाला नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोनेसाय, जोन्स यांच्या नावावरून.

म्हणजे तेच झाड एका कळपाला अन्न आणि दुसऱ्याला विष, मधे फक्त एक जंतू. आपल्या ढोरांना सुबाभूळ घालताना चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, हे सांगतात ते याच्यासाठीच.

जंगली जनावराला खायला घालू नका

आमची एक गाभण शेळी होती, तांबडी, माझ्या आईची लाडकी. गहू घरात आला त्या दिवशी पोत्याचं तोंड उघडं राहिलं, ती चूक माझीच, आणि तासाभरात तिनं पोटभर गहू खाल्ला. संध्याकाळी सुस्त, रवंथ बंद, पोटाला हात लावला तर आत पाणी हलल्यासारखं वाटत होतं. रात्री दात खायला लागली. डॉक्टर सकाळी आले, तोवर गेली होती. पोटात दोन पिल्लं होती.

काय झालं ते नंतर समजलं. दाण्यातला स्टार्च पोटात एकदम आला की स्ट्रेप्टोकोकस बोव्हिससारखे जंतू काही तासांत भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. कोटीपोटाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट, एरवी ६ ते ७ च्या मधे असतो, तो ५.५ च्या खाली गेला की काडी पचवणारे जंतू बंद पडतात, ५ च्या खाली गेला की प्रोटोझोआ मरतात, रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि जनावर कोसळतं. हाच गहू तिला मूठमूठ वाढवत दोन-तीन आठवड्यांत सवयीचा केला असता तर काही झालं नसतं, कारण लॅक्टिक आम्ल खाऊन टाकणारे दुसरे जंतू असतात, पण त्यांना वाढायला तेवढा वेळ लागतो.

चितळाला आणि रोह्याला हेच लागू. उन्हाळ्यात लोक कळवळ्यानं जंगलाच्या कडेला भात, पोळ्या, ज्वारी, लग्नातलं उरलेलं अन्न टाकतात. वाळल्या पाल्यावर महिनाभर जगलेल्या चितळाच्या पोटात त्या दिवशी दाणा पचवणारे जंतू तयार नसतात. तुम्ही चांगल्या मनानं टाकलेलं ते त्याच्या जिवावर येतं, कृपा करून टाकू नका. मदतच करायची असेल तर गवत वाचवा. वणवा लावू नका, धुऱ्यावरचं मारवेल तणनाशकानं जाळू नका, गावच्या पडीक जमिनीवरची घाणेरी आणि रानतुळस उपटायला हात लावा. ताडोबात नवेगाव, जामनीच्या जुन्या गावठाणांवर आणि मेळघाटात कोहा, कुंडच्या जागी गावं हलल्यावर जी कुरणं उभी राहिली, तिथं आज चितळ, गवे कसे चरतात ते एकदा जाऊन बघा.

प्रयोगशाळेपर्यंत जायचं असेल तर

कॉलेजची पोरं विचारतात म्हणून. वन विभागाची लेखी परवानगी आधी, बाकी सगळं नंतर. जनावर लेंडी टाकून निघून गेलं की लवकरात लवकर उचला, लेंडी फोडून आतला गाभा निर्जंतुक चमच्यानं घ्या, बाहेरच्या सालीला मातीचे जंतू लागलेले असतात. ९५ टक्के अल्कोहोलच्या नळीत टाका, नळीवर तारीख, जागा, जनावर, शिसपेन्सिलनं, कारण पेनाची शाई अल्कोहोलनं पुसते. पुढं डीएनएवरून कोणते जंतू ते कळतं, आणि त्याच लेंडीतल्या वनस्पतींच्या डीएनएवरून काय खाल्लं तेही. नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ आणि गोरेवाड्याचं वन्यजीव केंद्र जवळ आहे, तिथं मार्गदर्शन मागा. एक गोष्ट मात्र विसरू नका, लेंडीतले जंतू हे मागच्या आतड्यातले, कोटीपोटातले नव्हेत. तुलना करायची ती लेंडीची लेंडीशीच.

पाडस सापडलं तर

दर पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी पाडस घरी घेऊन येतं. गवतात एकटं बसलेलं पाडस बहुतेक वेळा सोडलेलं नसतं, आईनं लपवून ठेवलेलं असतं, ती जवळपासच चरत असते. तिथून निघून जा, एवढंच करायचं.

नवजात पिल्लाचं कोटीपोट बंदच असतं, आचळाला तोंड लावलं की घशाखाली एक पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं. वाटीतून पाजलं की ती पन्हळ नीट मिटत नाही, दूध कोटीपोटात पडून आंबतं आणि हगवण लागते. शिवाय त्याला जंतू मिळतात ते आईच्या चाटण्यातून, तिच्या लाळेतून, तिच्या लेंड्यांजवळचं गवत चघळताना. आपल्या अंगणात ते कुठून मिळणार? म्हणून हातात आलंच असेल तर गाईचं दूध, बिस्कीट, काही देऊ नका, खोक्यात कापड टाकून अंधारात शांत ठेवा, कुत्रं-पोरं लांब, आणि लगेच वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन लावा. सापडलं ती जागा नीट सांगा, अगदी झाड-नाल्यासकट, कारण आई रात्री तिथंच परत येते.